विश्लेषण : तिकीट नाही, गाण्यांवर कात्री नाही… तरीही हवानातील ‘रोलिंग स्टोन्स’ची कॉन्सर्ट ‘मुक्त’ होती का?

दडपशाही करणाऱ्या सरकारच्या देशात एखाद्या परदेशी बँडने कार्यक्रम करावा का, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते, संगीत लोकांसाठी असते, सरकारसाठी नाही. दुसरी बाजू म्हणते, परवानगी सरकार देते, मंच सरकार देते आणि दुसऱ्या दिवशी फोटोही सरकारच मिरवते. या वादात २५ मार्च २०१६ रोजी क्युबाची राजधानी हवाना येथे झालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’च्या कॉन्सर्टचे उदाहरण हमखास दिले जाते. त्या रात्री काय घडले, त्याआधी काय होते आणि पुढे क्युबातल्या कलाकारांचे काय झाले, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

गुड फ्रायडेची ती रात्र होती. हवानातील ‘सिउदाद देपोर्तिवा’ या क्रीडासंकुलाच्या मोकळ्या मैदानावर ब्रिटनच्या ‘रोलिंग स्टोन्स’ने पूर्णपणे मोफत कार्यक्रम केला. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स तेव्हा ७२ वर्षांचे होते, ड्रमर चार्ली वॉट्स ७४ वर्षांचे, तर रॉनी वूड ६८ वर्षांचे. एकूण १८ गाणी झाली. शेवटच्या टप्प्यात ‘एंत्रेवोसेस’ हे क्युबन गायनवृंदही मंचावर आले. उपस्थितीचा आकडा त्या वेळच्या बातम्यांत साधारण ५ लाखांच्या घरात सांगितला गेला. मैदानाबाहेरच्या रस्त्यांवर आणि आसपासच्या घरांच्या गच्च्यांवरही माणसे होती. गर्दीत विशीतली मुले होती, तसेच साठी ओलांडलेले अनेक जण. तरुणपणी हेच संगीत त्यांना दारे-खिडक्या लावून ऐकावे लागले होते. जॅगरने स्पॅनिशमध्ये संवाद साधताना याच काळाची आठवण काढली आणि आता काळ बदलतो आहे, असे सूचित केले.

एवढा मोठा कार्यक्रम मोफत कसा झाला?

क्युबात सरकारी नोकराचा महिन्याचा पगार तेव्हा सरासरी २५ डॉलरच्या आसपास होता. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या दराने तिकीट लावले असते, तर मैदान रिकामे राहिले असते. दुसरी अडचण साहित्याची. एवढ्या आकाराचा मंच, ध्वनियंत्रणा आणि भव्य पडदे देशात उपलब्धच नव्हते. त्यामुळे समुद्रमार्गे ६१ कंटेनर आणि शिवाय सामानाने भरलेले एक बोइंग ७४७ विमान हवानात आणावे लागले. कॅरेबियन समुद्रातील कुरासाओ या बेटावरील एका धर्मादाय संस्थेने कार्यक्रमासाठी आर्थिक पाठबळ दिले. क्युबातील संगीतकारांना वाद्ये देण्याचा उपक्रमही सोबत राबवण्यात आला. कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘हवाना मून’ हा चित्रपट जगभरातील चित्रपटगृहांत दाखवला गेला. थोडक्यात, प्रेक्षकांसाठी कार्यक्रम फुकट होता, पण त्यामागे मोठा खर्च होता आणि बँडसाठी तो जागतिक प्रसिद्धीचाही भाग होता.

क्युबाला रॉक संगीताचे वावडे का होते?

१ जानेवारी १९५९ रोजी क्युबात क्रांती यशस्वी झाली आणि फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. अमेरिकेशी संबंध झपाट्याने बिघडले. १९६१ मध्ये ‘बे ऑफ पिग्ज’ येथे अमेरिकेच्या पाठिंब्याने झालेले आक्रमण फसले. १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी लादली. अशा वातावरणात इंग्रजी गाणी म्हणजे शत्रूची भाषा ठरली. १९६१ मध्येच कॅस्ट्रो यांनी लेखक-कलावंतांपुढे केलेल्या भाषणात क्रांतीच्या चौकटीत सारे काही चालेल, क्रांतीविरोधी काहीही चालणार नाही, अशी रेषा आखून दिली होती. ही रेषा नेमकी कुठे आहे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र सरकारकडेच राहिला.

मार्च १९६३ मधील एका भाषणात कॅस्ट्रो यांनी तंग पॅन्ट घालून, गिटार घेऊन एल्विस प्रेस्लीसारखे वावरणाऱ्या तरुणांची खिल्ली उडवली. १९६५ ते १९६८ या काळात ‘यूएमएपी’ नावाच्या सक्तमजुरीच्या छावण्या चालल्या. समलैंगिक, धार्मिक गट आणि ‘बिघडलेले’ ठरवलेले तरुण तिथे पाठवले जात. पुढे क्युबाचे मोठे गायक म्हणून नावाजले गेलेले पाब्लो मिलानेस हेही त्यातले एक. लांब केसांवरून पोलीस तरुणांना अडवत. रेडिओ आणि टीव्ही सरकारचे असल्यामुळे बीटल्स किंवा स्टोन्स यांना हद्दपार करण्यासाठी वेगळ्या कायद्याची गरजच नव्हती. न वाजवणे पुरेसे होते.

मग लोक हे संगीत ऐकत कसे होते?

इथे भौतिकशास्त्र मदतीला आले. हवानापासून फ्लोरिडाचे टोक जेमतेम १७० किलोमीटरवर. त्यामुळे मायामीची रेडिओ केंद्रे क्युबात लागत. पण क्युबन रॉकप्रेमींच्या आठवणींत आणखी एक नाव येते, अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या लिटल रॉक शहरातले ‘केएएवाय’ हे केंद्र. ते हवानापासून सुमारे १६०० किलोमीटर दूर. एवढ्या लांबचे केंद्र लागत होते, कारण ते एएम म्हणजे मीडियम वेव्हवर होते. दिवसा वातावरणाच्या आयनांबरातील खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरळ होतो आणि लहरी वरच्या थरावर आदळून शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर परततात. आपल्याकडे रात्री जुन्या ट्रान्झिस्टरवर दूरदूरची केंद्रे लागायची, त्याचे कारणही हेच.

सरकारला सीमेवर तबकड्या अडवता येत होत्या, पण आकाशातून परतणाऱ्या लहरी अडवणे तितके सोपे नव्हते. पुढे कॅसेट आल्या. इंटरनेट महाग आणि दुर्मीळ असतानाच्या काळात ‘एल पाकेते सेमानाल’ म्हणजे ‘आठवड्याचे पुडके’ आले. सुमारे एक टेराबाइटची हार्ड डिस्क, तीत गाणी, मालिका, चित्रपट आणि अॅप्स. ती हातोहात घरोघर फिरायची. २०१६ मध्ये मैदानावर जमलेल्या अनेकांना गाणी पाठ होती, ती अशा वाटांनी पोहोचलेली होती.

सरकारची भूमिका कधी बदलली?

एका रात्रीत नाही. मार्च १९७९ मध्ये हवानातील कार्ल मार्क्स थिएटरमध्ये ‘हवाना जॅम’ हा तीन दिवसांचा महोत्सव झाला. त्यात बिली जोएल यांच्यासह अनेक अमेरिकी कलाकार सहभागी झाले. ८ डिसेंबर २००० रोजी, जॉन लेनन यांच्या विसाव्या स्मृतिदिनी, हवानातील एका उद्यानात बाकावर बसलेल्या लेनन यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. अनावरण करणारे होते खुद्द फिडेल कॅस्ट्रो! ज्या बीटल्सला सरकारी रेडिओने दूर ठेवले, त्यांच्या गायकाला आता बंडखोर म्हणून गौरवण्यात आले. (या पुतळ्याचा चष्मा वारंवार चोरीला जाऊ लागला, म्हणून तो सांभाळायला माणूस ठेवावा लागला.)

फेब्रुवारी २००१ मध्ये वेल्समधील ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ या डाव्या विचारांच्या बँडचा कार्यक्रम कॅस्ट्रो यांनी प्रेक्षागृहात बसून ऐकला. आवाज फार मोठा असेल, असे बँडने त्यांना आधी सांगितले, तेव्हा युद्धापेक्षा तर मोठा नसेल ना, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते इतके गाजले की बँडने त्यावरूनच कार्यक्रमाच्या डीव्हीडीचे नाव ठेवले. मे २००५ मध्ये ‘ऑडिओस्लेव्ह’ या अमेरिकी रॉक बँडने हवानाच्या समुद्रकिनाऱ्यालगत खुल्या मंचावर कार्यक्रम केला. या मंचाचे नाव ‘साम्राज्यवादविरोधी मंच’ असे होते. हे लक्षात घेण्यासारखे आहे. रॉकला दार उघडले गेले, पण दाराची मूठ सरकारच्याच हातात होती.

२०१६ हेच वर्ष का?

१७ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा आणि क्युबाचे अध्यक्ष राऊल कॅस्ट्रो यांनी राजनैतिक संबंध पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. जुलै २०१५ मध्ये दोन्ही दूतावास उघडले. २० ते २२ मार्च २०१६ या काळात ओबामा हवानात होते. १९२८ मधील काल्विन कूलिज यांच्यानंतर पदावर असताना क्युबात गेलेले ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. ते परतल्यानंतर तिसऱ्या दिवशी स्टोन्स मंचावर होते. जगभरातील पत्रकार आधीच हवानात होते. त्यामुळे राजकीय भेट आणि कॉन्सर्ट या दोन घटना एकाच बातमीचे दोन भाग बनल्या. क्युबा आता खुला होतो आहे, ही ती बातमी.

त्याच आठवड्यात विरोधकांचे काय सुरू होते?

ओबामांचे विमान उतरण्याच्या काही तास आधी ‘लेडीज इन व्हाइट’ या संघटनेच्या मोर्चातील अनेकांना पोलिसांनी उचलले. २००३ मध्ये ७५ विरोधकांना एकाच मोहिमेत अटक झाली होती. त्यांच्या पत्नी, आया आणि बहिणी पांढरे कपडे घालून दर रविवारी चर्चमधील प्रार्थनेनंतर शांतपणे चालत. त्यांची ही संघटना. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत राजकीय कैद्यांबद्दल प्रश्न आला, तेव्हा राऊल कॅस्ट्रो यांनी असे कैदी असल्याचेच अमान्य केले आणि यादी द्या, असे आव्हान दिले.

रॉकपुरते बोलायचे, तर ‘पोर्नो पारा रिकार्डो’ या क्युबन पंक बँडचे गायक गोर्की आगिला यांचे उदाहरण बोलके आहे. ते गाण्यांतून थेट कॅस्ट्रो बंधूंची टर उडवत. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांना ‘सामाजिक धोका’ या आरोपाखाली पकडण्यात आले. एखादा माणूस पुढे गुन्हा करू शकेल, एवढ्या संशयावरून शिक्षा करण्याची सोय त्या कलमात होती. परदेशातून दबाव आल्यावर आरोप सौम्य झाला आणि दंडावर सुटका झाली. म्हणजे अडचण इलेक्ट्रिक गिटारची उरली नव्हती. गिटार कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाबद्दल गातो आहे, हा प्रश्न होता.

‘स्टोन्स’ने याआधी अशा देशांत कार्यक्रम केले होते का?

होय. आणि तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले, की नियंत्रणाच्या तीन पद्धती दिसतात.

पहिली, प्रेक्षकांवर नियंत्रण. १३ एप्रिल १९६७ रोजी स्टोन्सने कम्युनिस्ट पोलंडच्या वॉर्सा शहरात ‘पॅलेस ऑफ कल्चर’च्या सभागृहात दोन खेळ केले. बरीचशी तिकिटे पक्षाच्या मर्जीतल्या लोकांकडे गेली. खरे चाहते बाहेर राहिले आणि त्यांच्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

दुसरी, गाण्यांवर नियंत्रण. ८ एप्रिल २००६ रोजी बँडने चीनमधील शांघाय येथे कार्यक्रम केला. ‘ब्राउन शुगर’ आणि ‘हाँकी टाँक विमेन’सह पाच गाणी म्हणायची नाहीत, अशी अट होती आणि बँडने ती पाळली. (चीनचा दौरा आधी २००३ मध्ये ठरला होता, पण सार्सच्या साथीमुळे रद्द झाला. त्याच जागतिक दौऱ्यात एप्रिल २००३ मध्ये स्टोन्सने बंगळूरु आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर कार्यक्रम केले होते.)

तिसरी पद्धत हवानाची. इथे तिकीटच नव्हते, त्यामुळे प्रेक्षक निवडण्याचा प्रश्न नव्हता. शांघायमध्ये वगळलेली वरील दोन्ही गाणी हवानात गायली गेली. नियंत्रण होते ते मंचावर. परदेशी पाहुण्यांना एका रात्रीसाठी तो मिळाला. आगिलांसारख्या स्थानिक गायकाला तो मिळणे अशक्य होते. ही पद्धत डोळ्यांना सर्वात कमी खुपते, म्हणून सरकारच्या दृष्टीने सर्वात सोयीची.

इतर कलाकारांनी वेगळी भूमिका घेतली का?

ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या छत्राखालील ‘सन सिटी’ या करमणूकनगरीत कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रांनी तेव्हा सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते. ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने बँडला दंड केला. पुढच्याच वर्षी स्टीव्हन व्हॅन झँट यांच्या पुढाकाराने अनेक कलाकारांनी एकत्र येऊन सन सिटीत गाणार नाही, असे सांगणारे गाणे काढले.

याउलट १९ जुलै १९८८ रोजी ब्रूस स्प्रिंगस्टीन पूर्व बर्लिनमध्ये गेले. आयोजक होती तिथल्या सत्ताधारी पक्षाची युवक संघटना. कार्यक्रमाला निकाराग्वाच्या समर्थनाचे लेबल लावण्यात आले, ते स्प्रिंगस्टीन यांना रुचले नाही. त्यांनी मंचावरून जर्मन भाषेत सांगितले, की आपण कोणत्याही सरकारच्या बाजूने वा विरोधात आलेलो नाही. एक दिवस सारे अडथळे दूर होतील, या आशेने आलो आहोत. त्यानंतर सोळा महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली. ती कॉन्सर्टमुळे पडली, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण सरकारने लावलेले लेबल मंचावरूनच काढून टाकता येते, हे त्यांनी दाखवले.

दोन्ही उदाहरणांत एक महत्त्वाचा फरक आहे. दक्षिण आफ्रिकेत बहिष्काराची मागणी दडपल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडूनच होत होती. हवानात किंवा पूर्व बर्लिनमध्ये सामान्य श्रोते, या, अशीच वाट पाहत होते.

हवानाच्या कॉन्सर्टनंतर क्युबात काय बदलले?

नोव्हेंबर २०१६ मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांचे निधन झाले. २०१७ पासून डोनाल्ड ट्रम्प प्रशासनाने निर्बंध पुन्हा कडक केले. डिसेंबर २०१८ मध्ये क्युबात मोबाइलवर थ्रीजी इंटरनेट सुरू झाले. त्याच वर्षी ‘डिक्री ३४९’ हा आदेशही आला. सरकारमान्य संस्थेशी संलग्न नसलेल्या कलाकाराला सार्वजनिकच नव्हे, तर खासगी जागेतही कार्यक्रम करण्यावर त्यातून बंधने आली. त्याविरोधात हवानाच्या सान इसिद्रो भागातील कलाकारांनी चळवळ उभारली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पात्रिया इ विदा’ म्हणजे ‘मातृभूमी आणि जीवन’ हे गाणे यूट्यूबवर आले. ‘मातृभूमी किंवा मृत्यू’ या क्रांतीच्या जुन्या घोषणेला ते थेट उत्तर होते. मायामीत असलेल्या आणि क्युबातच राहणाऱ्या गायकांनी ते मिळून केले होते. ११ जुलै २०२१ रोजी अनेक दशकांतील सर्वात मोठी निदर्शने क्युबाच्या रस्त्यांवर झाली, तेव्हा हेच शब्द घोषणा म्हणून ऐकू आले. सरकारने इंटरनेट रोखले आणि शेकडो लोकांना पकडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये या गाण्याला लॅटिन ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा त्याचे एक गायक मायकेल ओसोर्बो तुरुंगात होते. जून २०२२ मध्ये त्यांना नऊ वर्षांची, तर चळवळीतील कलाकार लुईस मान्युएल ओतेरो अल्कांतारा यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

मग ‘स्टोन्स’चे जाणे चुकीचे होते का?

हवानात त्या रात्री आलेल्या श्रोत्यांकडून ती रात्र काढून घेण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही. चाळीस-पन्नास वर्षे चोरून ऐकलेले संगीत त्यांनी उजेडात, पोलिसांसमोर, मोठ्याने गायले. ही गोष्ट लहान नाही. पण त्या रात्रीला देश मुक्त झाल्याचा पुरावा मानणे ही चूक होती, आणि ती जगभरातील अनेक बातम्यांनी केली. मोठी कॉन्सर्ट ही सरकारने एका रात्रीपुरती दिलेली परवानगी असते. ती हक्क नसते. परवानगी परत घेता येते.

म्हणून यापुढे अशी बातमी फोनवर आली, तर तीन प्रश्न विचारून पाहावेत. प्रेक्षक कोणी निवडले? गाणी कोणी निवडली? आणि पाहुणे विमानात बसल्यानंतर त्याच शहरातला स्थानिक गायक स्वतःचे गाणे गाऊ शकतो का? वॉर्सा पहिल्या प्रश्नावर अडकले, शांघाय दुसऱ्यावर. हवाना पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण झाले. तिसऱ्याचे उत्तर मिळायला पाच-सहा वर्षे लागली, आणि ते न्यायालयाच्या निकालपत्रात आले.